दिलेले शेंगदाणे परत मागायला गेलो तेव्हा

(हंगामाच्या उपकारस्तुतीच्या सभेत केलेलं भाषण. मंडळीतल्या अनेकांच्या विनंतीवरून छापत आहोत.)



आज इथे पुढे भाताच्या लोंब्या, भोपळे, केळीचे घड, नाचणीची कणसं मांडली आहेत. पीक हाती आलं म्हणून देवाचे उपकार मानण्याचा हा दिवस आहे. अशा दिवशी मी वाया गेलेल्या धान्याबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी ज्यांनी ते धान्य दिलं होतं तेही इथे बसले आहेत. त्यांची आधीच क्षमा मागतो. चूक त्यांची नव्हती. गोदामाची किल्ली माझ्याकडे होती.

मी वक्ता नाही. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या भांडारात एकतीस वर्षं काढली. आलेला माल मोजायचा, लावायचा, नोंदवायचा, मागणीप्रमाणे सोडायचा, एवढंच मला येतं. निवृत्त झाल्यावर आपल्या कामात मदत मागितली गेली तेव्हा मी म्हणालो, मला बोलायला लावू नका, किल्ल्या द्या. तेव्हापासून बदलापूर आणि अंबरनाथच्या आसपासच्या पाड्यांसाठी जो शिधा जातो तो माझ्या हातून जातो.

या पाड्यांवर मुख्यतः कातकरी आणि ठाकूर कुटुंबं राहतात. कातकऱ्यांचं वर्ष कसं जातं हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर भट्टी बंद झाली की पाड्यावर परत यायचं. हातात आलेली खर्ची तोवर संपलेली असते. जून ते सप्टेंबर हे चार महिने सर्वांत कठीण. शेतावरची लावणी आटोपली की काम नाही, आणि नदीनाल्यातली मासळी-खेकडी मिळेल तेवढीच. म्हणून गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी आपण शेंगदाणा-गुळाचे लाडू देतो. शासनाच्या अमृत आहार योजनेतही शेंगदाण्याचा लाडू आहे. त्याचं कारण साधं आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. इतकं अन्न इतक्या कमी पैशात दुसऱ्या कशातून मिळत नाही.

गेल्या वर्षी ईस्टरनंतर आपल्याला शेंगदाण्याची पन्नास पन्नास किलोची पाच पोती मिळाली. माल चांगला होता, मी स्वतः उतरवून घेतला. जागा कमी होती म्हणून पोती भिंतीला टेकवून, फरशीवर, एकावर एक लावली. कारखान्यात मी असं कधीच होऊ दिलं नसतं. तिथे प्रत्येक गोणीखाली फळी आणि भिंतीपासून हातभर अंतर असायचं. पण तिथे तपासणीला साहेब यायचा. इथे कोण येणार होतं?

दोन पोत्यांचे लाडू जूनपर्यंत झाले. जुलैच्या सुरुवातीला एका पाड्यावर फार ओढ आहे असं कळलं. लाडू वळायला वेळ नव्हता. मी तिसरं पोतं उघडलं, वरवर पाहिलं, आणि बेचाळीस घरांना एकेक किलो दाणा वाटून टाकला. उरलेले आठ किलो पोत्याच्या तळाशी तसेच ठेवले.

दोन आठवड्यांनी चौथं पोतं हलवायला गेलो, तर हाताला ओल लागली. भिंत पाझरत होती. पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा कुबट वास आला. आत हात घालून मूठ बाहेर काढली. काही दाणे सुरकुतलेले, काही काळपट, आणि बऱ्याच दाण्यांवर हिरवट-पिवळी भुकटी. पाचव्या पोत्याचीही तीच गत. मग तिसऱ्या पोत्यातले ते आठ किलो आठवले. ते सुपात ओतले. वरचे बरे होते. तळाचे तसेच हिरवे.

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कारण त्याच पोत्यातले बेचाळीस किलो दाणे बेचाळीस घरांत गेले होते.

आता ही हिरवी भुकटी म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगतो. माझ्यासारख्या माणसाला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल.

भुईमुगाला फूल जमिनीच्या वर येतं, पण शेंग जमिनीखाली भरते. फुलानंतर आऱ्या सुटतात, त्या मातीत शिरतात आणि तिथे शेंग धरते. त्या मातीतच ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी असते. तिचाच एक भाऊबंद आहे, ॲस्परजिलस पॅरासिटिकस. या बुरशा आपल्याकडे सगळीकडे आहेत, त्यांना हाकलून देता येत नाही. पीक निरोगी असेल तर टरफल राखण करतं. पण शेवटच्या महिन्यात पाण्याचा ताण पडला, ऊन तापलं, हुमणीने किंवा वाळवीने शेंग कुरतडली, किंवा काढताना कुदळीने फुटली, की बुरशीला दार उघडं मिळतं. काढणी लांबली आणि शेंगा ओल्या मातीत राहिल्या तरी तेच. आणि शेतातून चांगला आलेला दाणा नीट वाळवला नाही किंवा माझ्यासारख्या माणसाने ओल्या भिंतीला टेकवून ठेवला, तर बुरशी गोदामात वाढते.

ही बुरशी वाढताना एक विष तयार करते. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. नावातला 'अ' ॲस्परजिलसचा, 'फ्ला' फ्लेव्हसचा, आणि टॉक्सिन म्हणजे विष. या विषाचा शोध लागला तो टर्की पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये एका हंगामात एक लाखाहून अधिक टर्कीची पिल्लं मेली. रोग कुठला ते कळेना, म्हणून त्याला नुसतंच 'टर्की एक्स' म्हणू लागले. शोध घेता घेता धागा खाद्यापर्यंत गेला, आणि खाद्यात होती ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड. ती पेंड बुरशीने विषारी झाली होती.

तुम्ही म्हणाल, ते पक्षी होते. मग माणसांचं सांगतो, आणि तेही लांबचं नाही.

१९७४ च्या अखेरीस गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या लागून असलेल्या जिल्ह्यांतल्या दीडशेहून अधिक गावांत काविळीसारखा आजार पसरला. डोळे पिवळे, पोटात पाणी. घरातली कुत्रीही तशीच आजारी पडत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी तपास केला. आजारी पडले होते ते बहुतेक सगळे गरीब आदिवासी, भिल्ल. आपल्या नंदुरबार-धुळ्याकडचे भिल्ल त्याच समाजाचे. त्यांचं मुख्य अन्न मका. त्या वर्षी अवकाळी पाऊस झाला, मका भिजला, नीट वाळला नाही, आणि तसाच घरात भरून ठेवला गेला. त्यावर हीच बुरशी वाढली. घरात दुसरं खायला काही नव्हतं, म्हणून तोच रोज खाल्ला. तपासात नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. तीस वर्षांनी, २००४ मध्ये, केनियात याच कारणाने सव्वाशे माणसं गेली. तिथेही मकाच होता आणि तिथेही घरी साठवलेलं धान्यच होतं.

हा आकडा वाचला तेव्हा एक गोष्ट माझ्या मनात रुतली. बुरशी सगळ्यांच्याच धान्याला लागते. पण ज्याच्याकडे दुसरं धान्य आहे तो ते टाकून देतो. ज्याच्याकडे नाही तो खातो.

असं एकदम मरण क्वचित येतं. नेहमीचं विष थोडं थोडं जातं आणि काहीच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये ल्यों इथे आहे. तिने अफ्लाटॉक्सिनला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. हा कर्करोग यकृताचा. ज्याला हेपटायटिस बी ही कावीळ आधीच आहे त्याला धोका कितीतरी पटींनी जास्त. म्हणून आपल्या परिचारिका भगिनी पाड्यावर जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पहिल्याच दिवशी हेपटायटिस बीची लस मिळावी म्हणून धडपडतात, त्याचा या शेंगदाण्याशीही संबंध आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. शिवाय पश्चिम आफ्रिकेत बेनिन आणि टोगो इथल्या लहान मुलांच्या पाहणीत असं दिसलं की ज्यांच्या रक्तात या विषाच्या खुणा जास्त, त्यांची उंची आणि वजन कमी. विचार करा. आपण मुलांचं वजन वाढावं म्हणून लाडू देतो. दाणा खराब असेल तर तोच लाडू उलटं काम करील.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

त्या दिवशी मी दोन गोष्टी करू शकत होतो. एक, गोदामातली पोती गुपचूप पुरून टाकायची आणि गप्प बसायचं. दोन आठवडे झालेले, लोकांनी दाणे खाऊन संपवले असतील, कोणी आजारी पडल्याचं कानावर नाही, कोण विचारणार? हा विचार माझ्या मनात आला, आणि तो तासभर टिकला, हे मी तुमच्यापुढे कबूल करतो. दुसरी गोष्ट, पाड्यावर जाऊन दिलेलं परत मागायचं.

संध्याकाळी परिचारिका भगिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "दादा, उद्या सकाळी सातला निघू." विषय संपला.

बेचाळीस घरं फिरलो. अकरा घरांत दाणे संपले होते. चार घरांना कडी होती, माणसं कामाला गेलेली. सत्तावीस घरांनी उरलेलं काढून दिलं. कोणी वाटीभर, कोणी पिशवीभर. कोणी विचारलं, कोणी विचारलंही नाही. साहेब देतो, साहेब नेतो, ही त्यांना सवय आहे. ती सवय पाहून मला जास्त लाज वाटली.

एका घरी एक म्हातारी मावशी होती. तिने दाण्यांची पुरचुंडी बांधून चुलीवर आढ्याला टांगली होती. खाली धूर, वर ऊब. तिने ती सोडून माझ्यापुढे ठेवली. दाणे खडखडीत कोरडे. दिलेले होते त्यापेक्षा ते बरे दिसत होते. एकतीस वर्षं भांडार सांभाळलेल्या माणसापेक्षा त्या मावशीने माल चांगला ठेवला होता.

ती म्हणाली, "बाबा, ह्यात काय वाईट हाय? धुऊन, भाजून खाऊ आमी."

मी तिला समजावलं. बुरशी धुतली की जाते, विष जात नाही, ते दाण्याच्या आत उतरलेलं असतं. भाजलं तरी जात नाही. आपल्या तव्यावरच्या आचेने थोडं कमी होईल, पण संपणार नाही, कारण ते मोडायला दोनशे अंशांच्या वरची उष्णता लागते. उकडून जात नाही. पुरचुंडी टांगल्यावर नवी बुरशी धरली नाही हे खरं, पण माझ्याकडे असताना जे तयार झालं असेल ते तसंच राहणार.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या घरात असते तर तुमी खाल्ले असते का?"

मी म्हणालो, "नाही."

ती म्हणाली, "मग आमाला दिले कशाला?"

मी म्हणालो, "मावशी, मी नीट पाहिलं नाही." याहून दुसरं खरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. तिने पुरचुंडी माझ्या हातात दिली. रागावली नाही. फक्त फडका परत मागून घेतला.

दाणे गोदामातल्या मालासकट खोल खड्ड्यात पुरले. कोंबड्यांना घातले नाहीत, गुरांना घातले नाहीत. ते का, तेही सांगतो. तेल काढलं की विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो. ती पेंड दुभत्या गाईने खाल्ली की त्याचंच दुसरं रूप दुधात उतरतं. आपल्या देशात दुधासाठी किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभर दुधाची पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने या मर्यादेच्या वर निघाले. म्हणजे शंभरात जवळजवळ सहा. तेव्हा 'माणसाला नको, जनावराला घाला' हा हिशेब चालत नाही. जनावराकडून ते पुन्हा आपल्याकडेच येतं.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरच्या बाजारात गेलो. कॅम्पातल्या एका जुन्या सिंधी व्यापाऱ्याकडे आम्ही कधी कधी माल घेतो. त्यांच्या वडिलांनी फाळणीनंतर छावणीत येऊन फेरी करून दाणे विकले होते, तेव्हापासूनचा धंदा. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी पोत्यात लांब परखी घालून तळाचा दाणा काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "वरचा दाणा बघून माल घ्यायचा नाही. तळाचा बघायचा. फोडून आतून बघायचा, वास घ्यायचा, मग एक चावून थुंकायचा. कडू लागला, खवट लागला तर पोतं परत." मग मी विचारलं, निवडून काढलेल्या काळ्या दाण्याचं काय होतं? ते म्हणाले, "घेणारे आहेत. स्वस्तात जातो."

त्या 'स्वस्तात जातो' या शब्दांपाशी मी बराच वेळ उभा राहिलो. परदेशी जाणारा दाणा एकेक निवडला जातो. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्याला किलोमागे चार मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, आपल्याकडे दहाची, आणि पुढे प्रक्रियेला जाणाऱ्या मालाला पंधराची. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकं थोडं. ही मर्यादा ओलांडणारा माल तिकडे घेत नाहीत. पण नाकारलेला दाणा जमिनीत जिरत नाही, कुठेतरी खाल्ला जातो. जो स्वस्त तोच घेऊ शकतो, त्याच्या ताटात जातो.

आमोस संदेष्ट्याने आपल्या काळच्या व्यापाऱ्यांना जे दोष लावले, त्यांत खोटं माप होतं, खोटा तराजू होता, आणि शेवटी गव्हाचं भुसकट गरिबांना विकणं हेही होतं. मी हे वचन अनेकदा वाचलं होतं. मला वाटायचं हे लोभी माणसांविषयी आहे. आपण तर फुकट देतो. पण फुकट देताना बघून दिलं नाही, तर पोचतं तेच. घेणाऱ्याच्या पोटाला देणाऱ्याचा हेतू कळत नाही.

आता आपण काय बदललं ते सांगून संपवतो.

एक, पावसाळ्यात शेंगदाण्याचा साठा करत नाही. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी लागेल तेवढाच दाणा आणतो. उल्हास नदीच्या खोऱ्यात पावसाळी हवा कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. बदलापूरला कपाटातले कपडे सादळतात, मग दाण्याचं काय? कोरडा दाणा म्हणजे ज्यात ओलावा शेकडा सात-आठच्या वर नाही. हातात घेतलेला दाणा टरफलात खुळखुळला पाहिजे, आणि सोललेला दाणा दोन बोटांत दाबल्यावर वाकता कामा नये, कट्कन मोडला पाहिजे.

दोन, पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. भिंतीचं गळतं बुजवलं आहे. मंडळीतल्या दोन तरुणांनी रविवारची दुपार त्यात घालवली, त्यांचे आभार.

तीन, लाडू वळण्याआधी प्रत्येक दाणा निवडला जातो. हे काम आता पाड्यावरच्या बायका करतात, आणि त्याची त्यांना मजुरी मिळते. निवडण्याचा उपयोग होतो का, असं कोणी विचारील. होतो. हे विष पोत्यात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत काही थोड्याच दाण्यांत ते फार असतं, म्हणून मूठभर नमुना तपासूनही चुकू शकतं. आणि ते दाणे बहुधा सुरकुतलेले, रंग बदललेले, फुटके किंवा बारीक असतात. ते सुपात पाखडून, हाताने वेचून काढले की बराचसा धोका निघून जातो. सगळा जात नाही, कारण चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही कधी विष असू शकतं. म्हणून आधीची खरेदी आणि साठवण नीट हवी, आणि निवडणं त्याच्या जोडीला हवं.

चार, बारवीच्या बाजूला पाण्याची सोय असलेल्या काही ठाकूर कुटुंबांनी भातानंतर थोडा भुईमूग केला आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकणासाठी 'कोकण गौरव'सारखे वाण दिले आहेत. पण वाण कुठलाही असो, आम्ही त्यांच्याशी काढणीचं बोलतो. शेवटच्या दिवसांत पिकाला पाण्याचा ताण पडू द्यायचा नाही. टरफलाची आतली बाजू काळसर झाली की काढायला उशीर करायचा नाही. उपटलेले वेल शेंगा वर करून वाळवायचे, ढीग घालायचा नाही. फुटक्या शेंगा वेगळ्या काढायच्या. मातीवर न वाळवता ताडपत्रीवर वाळवायच्या, आणि ढग दिसले की आत घ्यायच्या. यातलं बरंचसं त्यांना माहीत होतंच. त्यांच्याकडे ताडपत्री नव्हती, एवढंच.

पाच, पाड्यावर आता दाणा वाटतो तेव्हा मी एक मूठ आधी स्वतः खातो. सगळ्यांसमोर. त्याने तपासणी होत नाही, हे मला कळतं. पण मावशीच्या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी होते.

तुमच्याकडेही दोन मागणी आहेत. पहिली, देताना घरात उरलेलं, जुनं, तारीख संपत आलेलं धान्य कृपा करून देऊ नका. जे तुमच्या लेकराच्या ताटात वाढाल तेच द्या. कमी द्या, पण तसंच द्या. दुसरी, स्वतःच्या स्वयंपाकघरातही बघा. आपण मराठी माणसं कुटाशिवाय भाजी करत नाही. कूट केलं की दाणा कसा होता ते दिसेनासं होतं. म्हणून भाजण्याआधी ताटात पसरून निवडा. काळा, बुरशी आलेला, कडू लागणारा दाणा टाकून द्या. पावसाळ्यात कुटाचा डबा भरून ठेवू नका. शेंगदाण्याला घाबरू मात्र नका. चांगला दाणा हे उत्तम अन्न आहे आणि आपल्या मुलांना ते हवंच आहे.

परत मागितलेल्या दाण्यांची भरपाई तिसऱ्या दिवशी केली. बेचाळीस घरांना बेचाळीस किलो, ज्यांनी खाऊन संपवले होते त्यांनाही. त्या अकरा घरांतल्या मुलांवर परिचारिका भगिनी अजून लक्ष ठेवून आहेत. आजपर्यंत सगळी बरी आहेत. पुढचं देवाच्या हाती आहे, पण त्यात माझ्या हातचं जेवढं होतं ते मी नीट केलं नव्हतं, हे मला विसरायचं नाही.

मावशीकडे गेलो तेव्हा तिने नवा दाणा हातात घेतला, एक फोडला, आत पाहिलं, वास घेतला, चावला. उल्हासनगरच्या व्यापाऱ्याने मला शिकवलं तेच सगळं, तिला कोणी न शिकवता. मग तोच फडका पुढे केला आणि म्हणाली, "बांध."

मी बांधून दिली. तिने पुरचुंडी चुलीवर टांगली.